आईची ग्लासगोची बोली

प्रिय संघपाल,

जय भीम. आईचा व्हिसा आला. काल दुपारी एजंटच्या ऑफिसातून मेघाचा फोन आला, तो आईनंच उचलला. ऐकून ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "सरू, ग्लासगोला जायचं व्हय आता." तेव्हापासून मला चैन नाही. उठते, बसते, फोन हातात घेते, ठेवते. शेवटी फोनवरच हे लिहायला बसले.

डिंक आणलाय, बाळंतिणीचे लाडू उद्या वळू. बोलायची तयारी मात्र तिनं कधीच केलीय. तुला माहीत नाही, पण तू कामावर असतोस तेव्हा एली तिच्याशी व्हिडिओवर बोलते. सासूला तिकडची बोली शिकवते. 'वी' म्हणजे लहान, 'वेन' म्हणजे लेकरू, 'आय' म्हणजे आपलं व्हय, 'ड्रीख' म्हणजे दिवसभर भिजकं, झाकोळलेलं आभाळ. दुकानातून आणायच्या सामानाला ते 'मेसेजेस' म्हणतात, यावर आई अजून हसते. परवा पाचोडच्या बाजारात तिनं कडुबाकडं मेथीची 'वी' जुडी मागितली. तो म्हणाला, "मावशी, ही कुठली भाषा?" ती म्हणाली, "माह्या नातवाची. तू गपगुमान जुडी दे."

तू शहरात शिकायला गेलास आणि महिन्याभरात तुझं 'लई', 'नाय' गेलं. होस्टेलची पोरं हसायची, मला ठाऊक होतं. पुढं आईशीही तू पुस्तकातलं बोलायला लागलास. ती कौतुकानं सांगायची, पोरगा साहेब झाला. एली लंडनला नोकरीला होती तेव्हा तिथले लोक तिच्या ग्लासगोच्या बोलण्याची नक्कल करायचे. तिनं एक शब्द बदलला नाही. हे तिनंच आईला सांगितलं, निम्मं शब्दांनी, निम्मं हातांनी.

मागच्या आठवड्यात तू मला म्हणालास, व्हिसा नाकारला असं आईला सांग. बाळ बघायला एलीच्या घरची माणसं येतील, त्यांच्यात ती अवघडेल. नेमकं कोण अवघडेल, ते मी तेव्हा विचारलं नाही. आता तसं सांगता येणार नाही, आणि आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आईला यातलं काही कळलेलं नाही. शनिवारी मी तिला मुंबईहून विमानात बसवते. एली नववा महिना असूनही तिला घ्यायला यायचं म्हणते. गाडी कोण चालवणार, हे ती आज संध्याकाळी तुला विचारेल.

तुझीच,
सरूताई