ऐंशीचा झेंडा

३ मार्च, सोमवार

सत्त्याहत्तर! सत्त्याहत्तर मीटर!!

खांद्यातून कळ नाही, कुरकुर नाही. प्लास्टिकची तबकडी हातातून सुटली ती सुटलीच. तिकडे लांब थोरल्या जाऊबाई दोन्ही हात वर करून नाचत होत्या. स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचल्या नसतील!

आता तीन मीटर राहिले. ऐंशी झाले की नाव द्यायचं. क्लबातल्या प्रशिक्षक बाईंनी (गळ्यात कायम शिट्टी, म्हणून माझ्यापुरत्या त्या शिट्टीबाई) सगळ्या बायकांना एकदम सांगून टाकलंय — दुसऱ्या गावी सहा महिन्यांचं शिक्षण, राहायची सोय, परत आल्यावर क्लबातच शिकवायची नोकरी. अट ऐंशी मीटरची. "उगीच नशीब आजमावायला माझ्याकडे येऊ नका. आधी आपल्या आपण सरावात पाडा, मग मी मोजते." २९ तारखेला यादी बंद.

घरच्या दुकानात पडदे शिवून शिवून पाठीची कमान झालीय, आणि मी म्हणे प्रशिक्षक! हसू येतं. पण चांगलं हसू.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "ताटल्या फेकायची नोकरी! घरात आपटत नाहीस हे उपकारच." दोघंही हसलो. मग म्हणाला, "म्हणजे जाणार म्हणतेस?"

म्हटलं, आधी पडू देत तर ऐंशी.

५ मार्च, बुधवार

एक गिऱ्हाईक बाई खिडक्यांची मापं घेऊन आल्या. माझ्या पिशवीत तबकड्या दिसल्या. "मुलांच्या का?" म्हटलं, माझ्या. लांबवर साखळ्या लावलेली टोपली असते, तिच्यात पोचवायची, ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग चालत जाऊन आत टाकायची की!"

गल्ल्यावरचे मोठे दीर इतके हसले की चहा शर्टावर.

७ मार्च, शुक्रवार

हे काय झालं? एकोणसत्तर! एकदा नाही, तीनदा. चौथी सत्तर.

सगळं तेच होतं. मी दुकान आवरून पोचले तेव्हा जाऊबाई नेहमीसारख्या झेंडे रोवून मोकळ्या झाल्या होत्या — दहा मीटरची दोरी, दर दोरीला एक लाल झेंडा. मी इकडून फेकायचं, त्यांनी तिकडून आकडा ओरडायचा. फेक तर मला चांगली वाटली. हात म्हणतो लांब गेली, आकडा म्हणतो जवळ पडली. आता हातावर विश्वास ठेवायचा की आकड्यावर? आकड्यावरच.

११ मार्च, मंगळवार

एकोणसत्तर. अडुसष्ट. सत्तर. एकोणसत्तर.

पकड बदलली. पावलं बदलली. बूट बदलले. आता खांदाच बदलायचा राहिलाय.

लक्ष्यही बदललं. ऐंशी हा शब्द या आठवड्यात तोंडातून काढायचा नाही. फक्त बहात्तर.

१५ मार्च, शनिवार

बहात्तर नाही. एकाहत्तर. जाऊबाई म्हणाल्या, "वारा आडवा होता गं." झाडाचं पान हलत नव्हतं! पण बिचाऱ्या माझी समजूत काढायला काहीतरी बोलतात. बोलताना माझ्याकडे बघतही नाहीत हल्ली. माझी कीव येत असेल.

हा खेळ मला त्यांनीच लावला. माझा खांदा आखडला होता, हात डोक्यावर जाईना, केस बांधायला पोरीला हाक मारावी लागायची. सासरचे सगळे "होईल बरं" म्हणून मोकळे. जाऊबाई मात्र धरून मैदानावर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "औषध कडू असतं, हे तरी गमतीचं आहे." लोक म्हणतात जावा जावा, उभा दावा. आमचं कधीच तसं नव्हतं. त्यांची ब्याऐंशीची फेक क्लबाच्या फळ्यावर आहे, बायकांत सगळ्यात लांब. त्या फळ्याखाली उभं राहून मला म्हणाल्या होत्या, "हे तूच पुसणार."

घरी गेल्यावर नवऱ्यानं खांद्याला मलम चोळून दिलं. "अगं, आकडाच तो. आकड्यानं काय पोट भरतं?" त्याच्या हाताला खरंच गुण आहे.

१९ मार्च, बुधवार

बहात्तर! देवा, बहात्तर.

२४ मार्च, सोमवार

चौऱ्याहत्तर. अंग असं दुखतंय की यंत्राची पायपट्टी दाबताना डोळ्यांत पाणी येतं. आज सोफ्याच्या खोळी, जाड कापड, चार सुया मोडल्या. मोठ्या दिरांनी नव्या सुयांचं पाकीट पुढं सरकवलं.

मैदानावर म्हटलं, जाऊबाई, एकदा मोबाईलवर मोजून बघूया का? तर त्या एकदम, "मोबाईलचं कसलं माप! चार मीटर इकडे, चार तिकडे. दोरीसारखं खरं काही नाही." बरोबरच आहे. मग म्हणाल्या, "पुरे कर आता. खांदा जाईल." आवाज कापत होता त्यांचा. मीच मग त्यांची समजूत घातली!

२९ मार्च, शनिवार

पंच्याहत्तर. शेवटच्या दिवशी, सगळा जीव लावून — पंच्याहत्तर.

शिट्टीबाईंना मीच फोन केला. माझं नाव धरू नका, माझं होत नाही. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्यांनी तरी काय म्हणावं?

दुकानात गेले तर माझ्या यंत्रापुढे नवी खुर्ची. पाठीला मऊ गादी, खालीवर होणारी. नवऱ्यानं आणली. न सांगता! "तुझी पाठ दुखते ना," म्हणाला. मी तिथंच रडले. माझं माणूस तरी माझ्याबरोबर आहे.

३० मार्च, रविवार

काही नाही. झोपून होते.

२ एप्रिल, बुधवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

जाऊबाईंना ताप आलाय म्हणून त्यांची सरावाची पिशवी माझ्याकडे आली. झेंडे मळलेले, ते धुतले. दोरीचं टोक विसकटलेलं दिसलं. म्हटलं कापून नीट करू. दुकानात कापड बेतायच्या टेबलावर टाकली. त्या टेबलाच्या कडेला पट्टी ठोकलेली आहे, दिवसभर आम्ही तिच्यावरच मोजतो. सवयीनं मोजत गेले. दहा मीटर संपले. हातात दोरी उरलेलीच!

पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. अकरा मीटर वीस.

चुकून म्हणावं, तर मूळ दोरी मीच कापून दिली होती, याच टेबलावर, पडद्याच्या दोरीच्या रिळातून. दहा म्हणजे दहा. ही ती नाहीच. रीळ तेच, पण तुकडा दुसरा. कोणीतरी मुद्दाम लांब कापलाय. म्हणजे दर झेंडा सव्वा मीटरभर पुढे, आणि सातव्या झेंड्यापर्यंत जाईस्तोवर माझ्या फेकीतले आठ मीटर गडप! गळ्यात टेप घालून दिवसभर लोकांच्या खिडक्या मोजते मी. तीच एक दोरी कधी मोजली नाही. का मोजावी? जाऊबाईंच्या हातात होती ना!

कात्रणावर हिशेब मांडला. पंच्याहत्तर म्हणजे साडेसात दोऱ्या. म्हणजे चौऱ्याऐंशी मीटर.

चौऱ्याऐंशी! आणि मी फोन करून सांगितलं, होत नाही म्हणून.

ते पहिले एकोणसत्तर आठवले. तेही सत्त्याहत्तरच होते. मी घसरलेच नव्हते. एक दिवससुद्धा नाही.

केसानं गळा कापला. तोही जाऊबाईंनी. त्या ओरडायच्या ते आकडे मी देवाचा शब्द म्हणून घ्यायची, आणि खोटं बोलणाऱ्या बाईला पाणी नेऊन द्यायची!

३ एप्रिल, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. दोरी समोर धरली. मग म्हणाला, "वहिनी अशी निघेल असं वाटलं नव्हतं." आणि, "फळ्यावरचं नाव जाईल म्हणून केलं असेल. बायकांचं जळणं दिसत नाही." आणि, "पण घरातलं घरात राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला काही विचारू नकोस."

विचारू नको? का नको! पण माझ्यासाठीच म्हणतोय. माझा संताप त्याला माहीत आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

शिट्टीबाईंकडे गेले. दोरीचं सांगितलं नाही, लाज वाटली. फक्त म्हटलं, एकदा मोजा. त्यांनी क्लबाची पोलादी टेप काढली. त्र्याऐंशी.

टेप गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहत राहिल्या. "अहो, तुम्ही तर आपणहून सांगितलंत की होत नाही! यादी सोमवारीच गेली. तुमच्या जागी दुसरी मुलगी घेतली, तिचं तर काठावर ऐंशी होतं. आता पुढच्या वर्षी योजना असेल की नाही, कोण सांगणार?"

हो म्हटलं. धन्यवादसुद्धा म्हटलं. बाहेर पडून कुंपणाच्या भिंतीला टेकून उभी राहिले. लक्ष्य गाठलं, ओलांडलं, आणि मलाच पत्ता नाही.

६ एप्रिल, रविवार

नाही राहवलं. गेले जाऊबाईंच्या घरी. ताप उतरलेला, पांघरूण घेऊन बसल्या होत्या. मोठे दीर पेपर वाचत होते. दोरी जाऊबाईंच्या मांडीवर टाकली.

एका क्षणात चेहरा पांढरा पडला.

मी काय काय बोलले! ब्याऐंशीचा आकडा पुसला जाईल म्हणून? तुमचं नाव फळ्यावर राहावं म्हणून माझं आयुष्य आखडलंत? माझा खांदा सोडवलात तो यासाठीच का? त्या काही तरी बोलायला गेल्या, मग दिरांकडे पाहिलं, आणि ओठ मिटले. दीर पेपर खाली ठेवून, "काय झालं? काय झालं?" करत राहिले.

म्हटलं, निदान नाही तरी म्हणा!

"काय म्हणू?" एवढंच बोलल्या. "दोरी मीच लावली. तू समजतेस तसं समज."

दार आपटून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरचं दार आपटलं. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बहीण गेली असं वाटतंय. सख्खी बहीण नाही मला. आता हीही नाही.

नवऱ्याला सांगितलं. "सांगितलं होतं ना जाऊ नकोस," म्हणाला. चिडला थोडा. मग जवळ बसून राहिला. बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी जाऊबाई दारात उभ्या. मी आत या म्हटलं नाही. त्याही उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"झेंडे मी रोवले, आकडे मी ओरडले. ते पाप माझं. पण ती दोरी कापून माझ्या हातात दिली तुझ्या नवऱ्यानं. म्हणाला, वहिनी, ही गेली तर दुकान बसेल, काहीही करा पण तिचे ऐंशी होऊ देऊ नका. घर मोडू नये म्हणून गप्प राहिले होते. पण आता तोच सगळ्या नातेवाइकांत माझ्या नावानं खडे फोडत फिरतोय."

तो आतल्याच खोलीत होता. मी मागे वळून पाहिलं, तेवढ्यात त्यानं आतून दार लावून घेतलं.