कोरा कागदही परत द्यायचा आहे

दि. १९ फेब्रुवारी, सकाळचे पावणेअकरा

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्या घरची सवय, म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही, हे तुलाही माहीत आहे. गेले सहा दिवस तू माझा फोन उचलत नाहीयेस आणि आजपासून माझ्याकडे फोनच नाही, म्हणजे तेवढा एक त्रास मिटला. फोन, लॅपटॉप, दाराचं कार्ड, सगळं हॉस्पिटलच्या चौकशीवाल्या बाईंनी काढून घेतलं आणि हातात सात कागद नि एक पेन दिलं. "जे घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा," म्हणाल्या. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी क्रमांक टाकलाय, खाली सही केली आहे. लिहिताना चुकलं तरी फाडायचा नाही, कोरा राहिला तरी परत द्यायचा. एक वाजेपर्यंत वेळ आहे.

निवेदन लिहायला बसले आणि हात आपोआप 'चि. धाकट्यास' लिहून मोकळा झाला. तू होस्टेलवर होतास तेव्हाची सवय असणार. आता लिहिलंच आहे तर तुझ्याशी चार शब्द बोलते, मग निवेदनाकडे वळते. कागद सात आहेत, पुरतील.

तुझं दुकान कसं चाललंय? चष्म्यांची नवी काचेची कपाटं आली का? आणि तुझी बायको कशी आहे? जेवते का नीट? घरी बसायची सवय नाही तिला. तुमच्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवून झाल्या असतील एव्हाना.

मला बसवलंय ती तळमजल्यावरची जुनी एक्स-रेची खोली. खिडकी नाही. भिंतीत शिसं आहे म्हणतात, त्यामुळे बाहेरचा आवाजही येत नाही. दार कार्डाशिवाय उघडत नाही. ही कार्डाची व्यवस्था चार वर्षांपूर्वी मीच बसवून घेतली होती, केवढी मिरवले होते तेव्हा! आता बाथरूमला जायचं तर दार ठोठावायचं, मग बाहेरचा पहारेकरी आपल्या कार्डाने उघडतो. एरवी मला "मॅडम" म्हणून उठून उभा राहणारा माणूस. आज बिचारा माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

तू त्या दिवशी फोनवर विचारलंस, "ताई, नेमकं झालं काय ते तरी सांग." मी म्हटलं, तुला कळायचं नाही. चुकलं माझं. तुला कळेल असं आता सांगते.

आमच्या हॉस्पिटलच्या नेटवर्कच्या तोंडाशी एक फायरवॉलचा बॉक्स असतो. जाडजूड पुस्तकाएवढा, हिरवे दिवे लागलेला. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येकाला तो नाव आणि पासवर्ड विचारतो. त्या बॉक्सला हुकूम सोडायचे तर कॉम्प्युटरवर त्याचं स्वतःचं एक पान उघडावं लागतं. ते पान फक्त इमारतीच्या आतून उघडावं, असा नियम. आणि फेब्रुवारीच्या तीन तारखेला बॉक्स बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की या पानात खोट सापडली आहे. विशिष्ट तऱ्हेने मागणी केली की बॉक्स पासवर्ड विचारतच नाही. रखवालदाराला कुणी "अहो, मी मघाशीच आत आलोय" म्हटलं आणि तो सलाम ठोकून बाजूला झाला, तसं. दुरुस्ती येईल तेव्हा येईल, पण ज्यांचं पान बाहेरून उघडतं त्यांनी आधी ते बंद करा, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आमचं बाहेरून उघडत होतं.

गेल्या गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी तिथून आत शिरलं. पासवर्ड फोडला नाही, चुकीचा टाकून पाहिला नाही. सरळ आत. स्वतःला बॉक्सचा मुख्य अधिकारी करून घेतलं आणि रात्र पडायच्या आत पेशंटच्या सगळ्या फाइलींना कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये चारशे माणसं रिपोर्टसाठी उभी आणि आमच्याकडे दाखवायला रिकामा पडदा. ऑपरेशनं पुढे ढकलली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, हे नशीब.

मग चौकशीत खापर तुझ्या बायकोवर फुटलं. कारण ते पान बाहेरून उघडायचं काम ऑगस्टमध्ये तिच्या लॉगिनवरून झालंय, ते बॉक्समध्ये नोंदलेलं आहे. बाईंनी तिला विचारलं, "का उघडलंत?" म्हणाली, "कामाच्या सोयीसाठी." "कुणाच्या?" "कुणी सांगितलं?" तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. मी बाजूच्याच खुर्चीत होते. शुक्रवारी संध्याकाळी तिला घरी पाठवलं. आता पोलिसांकडे कागद जाणार, हिनेच आतून दार उघडून दिलं म्हणून. मग तिला नोकरीच काय, कुणी आपल्या कॉम्प्युटरला हातसुद्धा लावू देणार नाही. आयुष्यभर.

तू फोन केलास. "ताई, तू तिला ओळखतेस ना? दहा वर्षं तुझ्या हाताखाली आहे. सांग ना त्यांना!" आणि मी तुला म्हटलं, "चौकशी होऊ दे. त्यातून काय ते बाहेर येईल." पलीकडे तू फोन ठेवलास. तो आवाज माझ्या कानातून जात नाहीये बघ.

साडेअकरा झाले. चहा आला, बिस्किटाशिवाय. तिसरा कागद संपत आला.

धाकट्या, तुला आठवतं, ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिचं नाव 'चित्रगुप्त' ठेवलं होतं? सगळ्या गोष्टींची नोंद करते म्हणून. ऑफिसातही तेच पडलं. आमच्याकडे सगळं पडद्यावर चालतं, पण ही बाई एक जाड निळी वही ठेवते. आज काय बदललं, कुणी सांगितलं, का, कधीपर्यंत. दाबून लिहिते, मागच्या पानावर अक्षरं उमटतात. मी किती थट्टा केली असेल! "अगं, शिंक आली तर तीही लिही." ती हसायची आणि लिहायची.

चौकशीत बाईंनी वही मागितली. ती जागेवर नव्हती. मला विचारलं. मी म्हटलं, "असेल इथेच कुठेतरी, एवढ्या धावपळीत कुठे बघणार?"

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. बस्स.

नंतर कॉरिडॉरमध्ये मला गाठून हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आईंसाठी उघडं ठेवलं होतंत. त्यापायी तुमची नोकरी जाऊ देणार नाही मी. तुमची तीनच वर्षं राहिलीत. मला मिळेल दुसरीकडे." मी तोंड उघडलं होतं, शपथ सांगते. पण ती पुढे म्हणाली, "आई गेल्यावरही तुम्हाला ते बंद करवत नव्हतं. कळतं मला." आणि मी मान हलवली. हो म्हणून.

आता तुला कळलं असेल. पण अजून अर्धंच कळलंय.

ऑगस्टमध्ये आई अंथरुणाला खिळली तेव्हा मीच तुझ्या बायकोला सांगितलं, पान बाहेरून उघडून दे, म्हणजे मला आईच्या उशाशी बसून काम करता येईल. तोंडी सांगितलं. एवढं खरं आहे, आणि त्याची मला लाजही नाही. तू दुकानात, ती ऑफिसात, आईला उठवायला बसवायला मीच होते. पण आई नोव्हेंबरमध्ये गेली रे. पान फेब्रुवारीपर्यंत उघडं होतं. तिने डिसेंबरात विचारलं, "बंद करू का?" मी म्हटलं, राहू दे. जानेवारीत विचारलं. राहू दे. कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी तर ती माझ्या टेबलाशी येऊन उभीच राहिली. "ताई, आत्ता बंद करते, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी करू. तोवर हात लावू नकोस." वसकनच बोलले असेन, कारण ती लगेच मागे फिरली.

पुढच्या शुक्रवारी का? कारण त्याच्या आदल्या गुरुवारी मला तलाव पार करायचा होता.

हस, खुशाल हस. तुझी सत्तावन्न वर्षांची ताई डिसेंबरपासून पोहायला शिकते आहे. मंगळवारी आणि गुरुवारी, साडेतीनला ऑफिसातून सटकून. ऑफिसात वाटायचं, मॅडम आईच्या बँकेच्या नि कागदपत्रांच्या कामाला जातात. मीच तसं वाटू दिलं. काठावरच्या बाकावर फोन ठेवायचा, काही अडलं तर टॉवेल गुंडाळून तिथूनच बॉक्सचं पान उघडायचं आणि निस्तरायचं. पान बंद झालं असतं तर साडेपाचपर्यंत खुर्चीला खिळून बसावं लागलं असतं. एवढंच कारण. आईचा त्यात काही संबंध नाही.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला लाज वाटली. आई जाऊन महिना झाला नव्हता आणि मला पाण्यात पडल्यावर इतकं बरं वाटायचं, की त्याचीच भीती वाटायची. नऊ वर्षं मी आईचं केलं. तुम्ही सगळे मला देवीसारखं वागवत होतात. "ताई होती म्हणून!" तू प्रत्येकाला सांगायचास. त्या देवीने पोहण्याचा पोशाख विकत घेतला, हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी मनाने खूप थकले होते, धाकट्या. तुला ते कधी दिसलं नाही. जगाला चष्मे लावतोस आणि... जाऊ दे. तुझ्यावर ढकलायला नाही बसले मी.

गेल्या गुरुवारी चार वाजता मी पाण्यात उतरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठे पाय न टेकता. शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी काठाला धरून रडले, आनंदाने. बाहेर आले तेव्हा फोनवर अकरा फोन येऊन गेले होते. सगळे तिचे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोचले आणि तिच्या खणातून वही काढली. चाळली. ऑगस्टची नोंद आहे: 'ताईंच्या सांगण्यावरून, आईंच्या आजारपणापुरतं.' मग खाली तीन वेळा: 'बंद करायचं का विचारलं. ताई: राहू दे.' शेवटच्यापुढे तिने कंपनीच्या पत्राची तारीख घातली आहे आणि लिहिलंय, 'ताईंचा आग्रह. कारण विचारलं नाही.' फाडून टाकावी असं मनात आलं. फाडली नाही. पिशवीत घातली आणि दुपारी तलावावर जाऊन लॉकरमध्ये ओल्या टॉवेलखाली ठेवून आले. सहा दिवस तिथे आहे. सहा दिवस मी मूग गिळून बसले आहे आणि तुझी बायको माझ्या वाटची बोलणी खाते आहे, ती कशासाठी, तर मी आईसाठी झुरते आहे अशा समजुतीने. मला घरात आईच्या पलंगाकडे बघवत नाही. या खोलीत कोंडलं म्हणून तक्रार करायला मला तोंड नाही, मी शुक्रवारपासून कोंडलेलीच आहे.

साडेबारा वाजून गेले. सकाळी पहिल्या कागदावर तुला लिहिलं होतं, की चार शब्द बोलून निवेदनाकडे वळते. आत्ता बघते तर हा सातवा कागद, त्याचाही अर्धा भरला. दार ठोठावून आणखी कागद मागता येतील, बाई काही नाही म्हणणार नाहीत. मग त्यावर सकाळपासून मनात घोळवलेलं ते निवेदन लिहिता येईल: तांत्रिक अडचण, कामाचा ताण, स्पष्ट सूचनांचा अभाव. फार चांगलं जमलं होतं रे, एकाही वाक्यात मी नव्हते. पण हे सात कागद कुठे लपवणार? यांच्यावर क्रमांक आहेत. फाडता येत नाहीत, बाहेर नेता येत नाहीत, सातही परत द्यायचे आहेत. बहुतेक म्हणूनच तुझं नाव लिहून सुरुवात केली. दुसऱ्या कुणाला मी हे लिहिलं नसतं.

तेव्हा बाई, तुम्ही हे वाचत असाल. माझं निवेदन हेच. पान माझ्या सांगण्यावरून उघडलं, माझ्या सांगण्यावरून उघडं राहिलं, आणि वही मी लपवली. तिने तीनदा विचारलं होतं. तिला आजच्या आज फोन करा. आणि हे पत्र तिच्या नवऱ्याला वाचायला द्या, एवढी विनंती.

धाकट्या, वही ओली झाली असेल तर पंख्याखाली वाळव, इस्त्री फिरवू नकोस. अक्षरं शाबूत असतील. आणि तिला म्हण, पुढच्या पानावर आजची नोंद कर. तारीख घाल, आणि 'ताईंच्या सांगण्यावरून' असंच लिही.

मला भेटायला आलास तर ये. नाही आलास तरी मी समजेन.

तुझी ताई,
नेटवर्क विभाग प्रमुख

सोबत : तलावावरच्या लॉकर क्रमांक एकतीसची किल्ली. कोरा कागद एकही नाही.