सातव्या पायरीवरचा श्वास

प्रिय बोटुकली,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते आधी उलटसुलट करून बघितलं असशील, आणि मग फोडावं की तसंच ठेवून द्यावं, याचा विचार करत बसली असशील. फोडलंस, बरं केलंस. सोळा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पानं भरायला बसले आहे, म्हणून आधीच सांगते, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुझी ती चष्मेवाली विद्यार्थिनी गेल्या शनिवारी माझ्यासमोर परीक्षेला बसली होती. तिच्या निकालाबद्दल लिहायचंय. पण ते नीट कळायचं तर मला आधी स्वतःची एक गोष्ट कबूल करावी लागेल. ती पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली आहे, तेव्हा इकडेतिकडे थोडी भरकटले तर सांभाळून घे.

माझं म्हणशील तर ठीक चाललंय. वरचे पुढचे चार दात गेल्या वर्षी गेले आणि नवे बसवले. त्या दातांनी खाता येतं, बोलता येतं, लोकांवर ओरडता तर फारच छान येतं, पण बासरीची फुंक काही धरत नाही. वाजवणं बंद केलं हे कळल्यावर माणसं तोंडं पाडून भेटायला येऊ लागली. मला मात्र शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मीही तोंड पाडून बसायची. वर्ग चालू आहे. जागा तीच, शिंप्याच्या दुकानाच्या वरची. त्याचं मशीन अजूनही आपल्या लयीच्या आडवं चालतं, आणि खिडकीची ती एक झडप अजूनही लागत नाही.

परवा कपाट आवरताना तुझी पहिली आखूड बासरी सापडली. नऊ वर्षांची होतीस. मोठ्या बासरीवर तुझी बोटं पोचायची नाहीत, आणि आखूड हातात दिली की भोकाड पसरायचीस. बोटुकली हे नाव मी तेव्हाच ठेवलं. पुढे तुझी बोटं माझ्याहून लांब झाली तरी नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. तुझ्याइतका कान असलेली मुलगी माझ्याकडे दुसरी आली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. शिष्य डोक्यावर चढतात असं आम्हा लोकांना उगीच वाटत असतं.

आता 'जिना'. माझ्या मास्तरांची ही रचना तुला झोपेतून उठवलं तरी वाजवता येईल. तिसऱ्या ओळीत सूर एकेक पायरी चढत जातात, सातव्या पायरीवर आपण थांबतो, श्वास घेतो, आणि मग वरच्या माळ्यावर पोचतो. तो थांबा माझ्या नावाने ओळखला जातो. माझ्या पाठ्यपुस्तकात तिथे स्वल्पविराम छापलेला आहे. ठरलेल्या रचनेत तो पाळला नाही तर बाकीचे गुण कितीही असोत, विद्यार्थी नापास, हा परीक्षेचा नियमही मीच घालून दिलेला आहे. इतकंच काय, माझे विद्यार्थी आणि त्यांचे विद्यार्थी त्या जागी मान किंचित डावीकडे वळवतात. बाईंची लकब म्हणतात तिला.

बोटुकली, तो थांबा मास्तरांचा नाही. तो माझा खोकला आहे.

मी बावीस वर्षांची होते. रेडिओवरचा माझा पहिला कार्यक्रम होता, आणि मास्तरांनी स्वतःऐवजी मला पाठवलं होतं. आठवडाभर छाती भरलेली होती, पण नाही म्हणायचं जिवावर आलं. तिसऱ्या ओळीत सातव्या पायरीवर घशात अशी खवखव उठली की आता भर कार्यक्रमात खोकणार, हे मला दिसायलाच लागलं. मी मायक्रोफोनपासून मान फिरवली, खोकला गिळला, कसाबसा श्वास ओढला आणि उरलेला जिना चढले. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात एका समीक्षकाने त्या क्षणभराच्या शांततेवर अर्धा रकाना लिहिला. एवढ्या लहान वयात मौनाची ही जाण, वगैरे. मी तो अर्धा रकाना कापून पुस्तकात ठेवला. मास्तरांनीही कार्यक्रम ऐकला होता. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी एवढंच विचारलं की खोकला कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मी आपणहून सांगेन म्हणून ते थांबले होते, हे मला आज वाटतं. त्याच वर्षी ते गेले. मग सांगायचं कुणाला?

पुढच्या कार्यक्रमात लोक त्या थांब्याची वाट बघत होते. मी थांबले. मान वळवायची सवयही लागून गेली, ती नंतर सुटेना. मी स्वतः रचना करू लागले तेव्हा मौनाची रचनाकार हे बिरूद आधीच चिकटलेलं होतं, म्हणून प्रत्येक रचनेत कुठे ना कुठे एक खड्डा खणून ठेवला. काही ठिकाणी तो शोभला, ते कबूल करते. पण माझी अर्धी कीर्ती न आलेल्या खोकल्यावर उभी आहे, हे मनात ठेवून हारतुरे घ्यायला काय वाटतं, ते तुला सांगता येणार नाही.

आणि मग वर्गाच्या वार्षिक मेळाव्यात तू 'जिना' वाजवायला बसलीस. एकोणीस वर्षांची. सातव्या पायरीवर न थांबता तू सरळ वर गेलीस, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मास्तर वाजवायचे ते हुबेहूब तसंच होतं. तू ते कधी ऐकलेलं नव्हतंस, रचनेनेच तुला वर नेलं. मी तुला मध्येच थांबवलं. तू शांतपणे विचारलंस, की बाई, श्वास शिल्लक असताना थांबायचं कशाला. भरल्या सभागृहात मी तुला मंचावरून उठून खाली जाऊन बसायला सांगितलं, आणि नियम पाळायचे नसतील तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. सगळ्यांना वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते, घाबरले होते. तू खरोखरच आली नाहीस. तुझी आई दोनदा माझ्याकडे येऊन गेली, तिलाही मी दारातूनच परत पाठवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आता शनिवार. परीक्षक तिघं होतो. मी, दुसरी तुझ्यानंतर आलेली एक शिक्षिका, आणि तिसरा तुझ्या वेळचा आपला कोकरू. त्याच्या कुरळ्या केसांवरून तूच ते नाव ठेवलं होतंस. आता डोकं साफ गुळगुळीत आहे, पण नाव चालूच आहे. सकाळपासून सोळा मुलं सातव्या पायरीवर थांबली आणि सोळाच्या सोळांनी मान डावीकडे वळवली. काहींच्या छातीत तर अजून दोन जिने चढण्याइतका श्वास होता. मग ती चष्मेवाली आली. गुडघ्याला पट्टी, कोपर अंगाला चिकटवायची तुझी खोड जशीच्या तशी. ती थांबली नाही. खिडकीकडे बघत, घाई न करता, एका श्वासात वर गेली. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि शेजारी दोन लाल पेनं एकदम चालू झाली. मुलगी सुरेख वाजवते, पण नियम म्हणजे नियम, असं कोकरू हळहळून म्हणाला. दोघांनी नापास लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. शिक्षकाच्या रकान्यात तुझं नाव होतं.

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग सांगून टाकलं. छाती, मायक्रोफोन, अर्धा रकाना, सगळं. कोकरूच्या हातातला चहा त्याच्या शर्टावर गेला. त्या शिक्षिकेने हळूच विचारलं, की म्हणजे मान वळवायची नाही का. मी नाही म्हटल्यावर ती आधी हसली, मग रडली, कारण दहा वर्षं ती मुलांच्या माना वळवत होती. मग तिघंही असे हसत सुटलो की बाहेरच्या पालकांनी दार ढकलून आत डोकावलं. मला वाटलं होतं, हे बोलले की मी संपले. झालं उलटंच. घरी आले, सपाटून जेवले आणि भर दुपारी तीन तास झोपले.

पण तोंडी सांगून निकाल बदलत नाही. परीक्षा मंडळाला कारण लेखी लागतं. ते मी काल सही करून दिलं, आम्ही तिघांनी बदललेला निकाल सोबत जोडला आणि नियम रद्द करायला सांगितलं. त्याची प्रत येत्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना जाईल, तुलाही येईल. कार्यालयाच्या रुक्ष भाषेत, आवक क्रमांकाखाली, तिथे लिहिलेलं असेल की ही रचना माझ्या वर्गात सर्वप्रथम बरोबर वाजवणाऱ्या विद्यार्थिनीला मी भर सभेत उठवलं, आणि ती चूक माझी होती. खाली तुझं नाव आहे. ते वाक्य तुला आधी कागदावर भेटू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहून तुला अडचणीत टाकत नाही. ते तुझं तू ठरव, सवडीने ठरव. आज फक्त एक कर. ती पोर शनिवारपासून धास्तावून बसली असेल. मंडळाच्या कागदाची वाट बघू नकोस, आत्ता उठ आणि तिला सांग की ती पास झाली.

सोळा वर्षं उशिरा का होईना, पण तुझीच,
बाई