पाण्याच्या बाजूचा विभाग

३ मार्च १९४३, वॉशिंग्टन
नेब्रास्काहून पोहोचलो एकदाचे. गाडीत बसायला जागा नव्हती, तरी वर्ना वाटभर सैनिकांशी पत्ते खेळत आली. आई गेल्यापासून तिला मीच वाढवलं, पण मलाच म्हणते, ताई, राजधानीत हरवू नकोस हं, तुला शोधायला मला वेळ नाही. दोघींना एकाच कचेरीत टायपिंगचं काम मिळालंय. तळ्याकाठच्या हिरवळीवर घाईने उभ्या केलेल्या लांबच लांब बराकी, पुठ्ठ्यासारख्या भिंती. युद्ध संपलं की पाडणार म्हणे.

१० मार्च
काय टाइप करतो, कशासाठी, कोण कुठे बसतं, काही विचारायचं नाही. आमच्या वरिष्ठ मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, चौकस मुलींमुळेच जहाजं बुडतात. शेजारच्या टेबलावरची जूएल हळूच म्हणाली, मी तर नवरा कुठल्या आघाडीवर आहे तेही विचारत नाही, बरं पडतं. दुपारी तळ्याकाठी उकडलेली अंडी खाल्ली. वर्नाने माझंही एक पळवलं.

१९ मार्च
वर्नाची बदली झाली, बराकीतल्या बोळाच्या टोकाच्या नव्या विभागात. टाइपरायटर कडेवर घेऊन गेली. म्हणाली, आता आम्हा मोठ्या बाईंना भेटायचं तर आधी कळवत जा. काम काय, ते मी विचारलं नाही.

२० मार्च
वर्ना घरी आली नाही. जादा काम असेल. मिसेस टॉलिव्हरना विचारायला गेले. त्यांनी मान वर करून पाहिलं. मी पेन्सिल मागितली आणि परत आले.

२३ मार्च
भिंतीपलीकडून तिच्या टायपिंगचा आवाज येतो. ओळ संपली की ती जरा थांबते, तसाच. जेवणाच्या सुट्टीत बाहेरून वळसा घालून गेले. पलीकडे विभाग नाही. भिंत संपते तिथे तळं लागतं. पाण्यात बदकं होती.

२५ मार्च
जूएलला सांगितलं. म्हणाली, माझीही बहीण तिकडेच गेली, मागच्या पानगळीत. विचारायचं नसतं गं. हे बोलताना ती टाइप करत होती. एकही चूक नाही.

२६ मार्च
वर्नाची उशी कपाटात ठेवली. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. कॉफी केली.

३० मार्च
ओळीनंतरचा थांबा लांबतोय. आज वाटलं, पुढची ओळ येणारच नाही —
उभी राहिले. सगळ्यांसमोर विचारलं, माझी बहीण कुठे आहे.
सगळे टाइपरायटर थांबले. मिसेस टॉलिव्हर रागावल्या नाहीत. मायेने म्हणाल्या, आधीच विचारायचंस ना, बाळ. चल.

नव्या विभागात
वही बरोबर आहे. टेबलांच्या रांगा. भिंतींना ओल. वर्ना पाठमोरी —
हाक मारली. वळली नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मी कोण, हे विचारायला तिचे ओठ हलले.
विचारलं नाही. पुन्हा टाइप करू लागली.
शेजारचं टेबल रिकामं आहे. मी बसलेय. तिला सांगायचंय — वर्ना, मी तुझी —
मी तुझी