पहिली हाक

दिवेआगर, चैत्र, १९३४

प्रिय शिवदास,

रतन तांडेलानं तुझा निरोप पोचवला. तू आता आभाळातून येतोस-जातोस, मनात आणलं असतंस तर स्वतःच आला असतास. पण तुलाही माझ्यासमोर उभं राहणं जड जात असेल. पाठीवर ते शिडाचं लाल कापड अजून बांधतोस का रे? या उकाड्यात घामोळं उठत असेल. परवा मुरुडच्या खाडीत उलटणारी होडी तू दोन हातांनी उचलून धरलीस म्हणे. सांगताना रतनच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. आपल्या दोघांतल्या एकाचं तरी नाव लोक चांगल्या तोंडानं घेतात.

माझं विचारशील तर थकले आहे. ज्यांच्या जिवाची राखण एवढी वर्षं केली, त्या सरकारांना आता उठवायचं, बसवायचं, पेज भरवायची, ओठ पुसायचे. गेल्या वर्षी शिमग्याला तू गावोगावचे ढोल आणून सरकारांच्या वाडीभोवती उभे केलेस आणि त्या गजरात सरकारांची हाक कुणाच्याच कानी पडली नाही. ओरडता ओरडता ते कोसळले आणि त्यांची वाचा गेली. मुक्या म्हाताऱ्याला तुरुंगात घालून काय करायचं, म्हणून कचेरीनं त्यांना वाडीतल्याच खोपीत राहू दिलं. त्यांना साथ दिली म्हणून माझी सुनावणी मात्र सोमवारी आहे, निकालही तेव्हाच.

तुझा निरोप रतननं आपल्या बोलीत सांगितला. "शिवदास बोलला, सरकारानं मलापन हाक मारली व्हती, येवढंच केसरनं सांगावं. बाकी मी बगतो." सोपं आहे. सरकारांनी नाव घेऊन हाक मारली आणि समोरच्यानं ओ दिली की तो माणूस स्वतःचा राहत नसे, हे सगळा किनारा जाणतो. मिठागरातली माणसं पाय फुटेपर्यंत राबली, जकातीच्या साहेबानं आपल्या हातानं गोदाम उघडून दिलं, बागायतदारांनी हसत हसत वाड्या लिहून दिल्या. तेव्हा सरकारांच्या शेजारी कोयता घेऊन मी उभी असायचे. हिनंही ओ दिली असणार, असंच सगळे धरून चालतात. मी नुसती मान हलवली तरी सोमवारी सुटेन.

पण सरकारांनी मला हाक मारलीच नव्हती रे.

मानमोडीच्या साथीत आई आणि बापू दोघंही गेले तेव्हा तू मुंबईला होतास. जाताना रेवसच्या धक्क्यावर 'माझ्यासाठी थांब' एवढं सांगून गेलास. सांगून, विचारून नाही. बापूंबरोबर माडावर चढते म्हणून गाव मला हसायचं, आणि त्याच अंगातल्या बळासाठी सरकारांनी मला राखणीला बोलावणं धाडलं. ओ दिलेला माणूस सांगाल तिथं उभा राहतो, पण ओढ्यावरच्या साकवाची फळी कुजली आहे हे आपणहून सांगत नाही. त्यांचा एक गडी 'सरळ चाल' म्हटल्यावर सरळ चालत विहिरीत गेला होता. म्हणून एक तरी माणूस आपल्या डोक्यानं चालणारा त्यांना जवळ हवा होता. मला म्हणाले, "राहशील का? नको वाटलं तर जा." तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी राहिले. ही अक्षरंही त्यांनीच शिकवली. माझं नाव मात्र त्यांनी चुकूनसुद्धा घेतलं नाही. काम पडलं की काठी दोनदा आपटत. लोक त्याला अपमान म्हणायचे, मला तो मान वाटायचा. अजून वाटतो, आणि वाटतो म्हणून लाजही वाटते. मिठागरातल्या बायकांचे पाय आठवले की घास उतरत नाही. त्यांच्यापुढे उभं राहून 'मलाही हाक होती' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. त्यांना खरोखर होती.

एवढंच असतं तर रतनजवळ तोंडी सांगितलं असतं. लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं, आणि तिथं यायला हात तयार होत नव्हता. आज सकाळी मी पाठमोरी बसून पेज निववत होते. मागून सरकारांचा आवाज आला. घोगरा, पण स्वच्छ. "केसर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओ अगदी ओठांवर आली होती, मी पदर तोंडात कोंबला. त्यांना पाणी हवं होतं की मी हवी होते, डोळ्यांत पाहूनही कळलं नाही. मुकाट्यानं पाणी पाजलं. ओ दिली असती तर तुझा निरोप खरा ठरला असता, आणि माझं एवढ्या वर्षांचं राहणं माझं उरलं नसतं. काठी त्यांच्या हाताशी ठेवली आहे. ते तिला शिवत नाहीत, डोळे मिटून माझंच नाव घेतात. तेव्हा ती हाक बुडवायला ढोल घेऊन ये, आजच ये. सोमवारी खरं काय ते मी सांगेन, तू मधे पडू नकोस. आणि आलास की फाटकातून मला हाक मारू नकोस, शिवदास. मी फार थकले आहे. आता कुणीही हाक मारली तरी तोंडून ओ जाईल.

हा पुढचा शब्द लिहायचा हक्क मीच सोडला होता, तरी दुसरं काही सुचत नाही,
तुझीच,
केसर