वरून कोरलेली दाढ

४ जाने.
खालची डावी दाढ. लवंग झाली, तुरटी झाली. आज वेरूळला कैलासात उभा राहून पर्यटकांना माहिती सांगत होतो, अन् असा ठणका उठला की वाक्य अर्ध्यातच. उजवीकडच्या दाढा मागंच उपटून बसलोय, चावायला आता हीच. बायको म्हणते, "ही बी उपटा, अन् बसा मामंजींवानी दुधात भाकर कुस्करत." वडलांची ती वाटी डोळ्यापुढं आली. नको.

६ जाने.
जालना रोडचा दवाखाना. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. एक्स-रेत दाखवलं: दाढेला मुळं, मुळांत केसाएवढ्या नळ्या, त्यांत नस. ती सडलीय. "काका, दाढ काढायची नाही. नस काढून नळ्या साफ करायच्या अन् बुजवायच्या."
"लई दुखंल का?"
"सुई टोचेल तेवढंच."
खरंच तेवढंच! मग ओठ जड. तोंडावर रबराचा पडदा, दाढेला वरून भोक, त्यातून सुईएवढ्या कानशी खाली, खाली. मुळाचं टोक आलं की यंत्र टुकटुक वाजतं. आतलं सगळं दिसत नाही तरी बाईंच्या बोटांना कळतं. कैलास कळसापासून वरून खाली कोरत गेले, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो, आज तेच माझ्याच तोंडात चाललेलं. तोंड उघडं ठेवून थक्क झालो. तसंही बंद करता येत नव्हतंच.
वर कच्चं सिमेंट. अजून एकदा जायचंय, नळ्या बुजवायला. मग कॅप. तोवर डावीकडनं चावायचं नाही.

८ जाने.
दाबलं की ठसठस. दोन-चार दिवस राहील म्हणाल्या होत्या. बाकी ठणका गायब. काय माणसं आहेत ही!

११ जाने.
ठसठसही गेली. नसच नाही तर दुखणार काय? फुलंब्रीहून मेहुण्याचा फोन: "दाजी, हुरडा लई भारी आलाय, उद्या याच." उद्याच दवाखाना होता. पुढं ढकलला.

१२ जाने.
आगटीतली गरम कणसं, हातावर चोळलेला हुरडा, जवसाची चटणी. डावीकडनं मनसोक्त. एक कणीस निबर निघालं. कट्!
मेहुण्यानं विचारलं, "काय झालं वो?"
"काय नाय."
जीभ लावली. सिमेंट गेलेलं, अन् दाढेची एक कडही.

१३ जाने.
बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "काका, दुखणं थांबलं म्हणजे काम संपलं नव्हतं. दाढ आतून पोकळ केलेली, तिला जपायचं होतं." भिंगातून बराच वेळ बघितलं. चीर वरच्यावर असेल तर वाचेल. मुळात उतरली असेल तर काढावीच लागेल. नळ्या परत धुतल्या, औषध भरलं, वरून बंद केलं. पुढच्या आठवड्यात कळेल. सूज आली तर...

१५ जाने.
सूज नाही. पण बाई फोनवर म्हणाल्या, एवढ्यात काही सांगता येत नाही.
कैलासात आज परभणीकडच्या एक म्हाताऱ्या आजी. कळसाकडं बघत विचारलं, "अन् बाबा, एक घाव चुकला असता तर वो?" हे सगळेच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं, 'चुकलाच नाही.' त्यावर लोक टाळ्या वाजवतात.
आज ते तोंडातून निघेना. इतकी वर्षं इथं उभा राहतो, पण आज पहिल्यांदा वर बघून मनात आलं, एक घाव चुकला असता तर तो दगड परत जोडता आला नसता. केवढी छाती असेल त्या माणसांची.
जीभ दाढेवर. आजी उत्तराची वाट बघत उभ्या.