उतारावरचा हात

दादा,

काल दुपारी वाटूरला आले. फाट्यावर एसटीतून उतरून चालत वस्तीवर पोचले तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "एकटीच आलीस?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिनं असं विचारलं की मी मागं वळून बघते. पिशवी खांद्याला लावून तुम्ही माझ्या मागून चालत येताय असंच वाटतं. कालही वळून बघितलं. मागं नुसता रस्ता होता, उन्हात पांढरा पडलेला.

तुम्ही फौजेतून कायमचे घरी आलात तेव्हा तुमची ही लेक दुसरी-तिसरीत असेल. छावणीच्या गोल्फ मैदानावर ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक गवत, कापायचं आणि त्यावर रूळ फिरवायचं काम तुमच्याकडं होतं, आणि संध्याकाळी साहेब लोक निघून गेले की तुम्हाला खेळायची मुभा होती. लोखंडी ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांखाली एक जुना पटर, चेंडू भोकात घालायची ती काठी, आणि थोडेसे चेंडू. आईला वाटलं होतं साडी असेल. त्याच सुगीला गावात मळणीयंत्र आलं आणि आपलं खळं रिकामं पडलं. काका ते नांगरून तिथं कपाशी लावायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. मला लागतंय ते." कशाला, हे त्यांनी विचारलं नाही, आणि पुढं कळल्यावर बरेच दिवस ते तुमच्याशी धड बोलले नाहीत.

खळ्यावर तुम्ही नवा मुरूम टाकलात, पाणी मारलंत, दगडी रूळ ओढलात, आणि आईनं ते सारवलं. ज्या मेढीभोवती बैल फिरायचे तिच्या खड्ड्यात तुम्ही दूध पावडरीचा रिकामा डबा बसवलात. विहिरीकडच्या अंगाला जमीन जराशी उतरती होती, तो उतार मुद्दाम तसाच ठेवलात. वाळल्यावर ते खळं इतकं गुळगुळीत झालं की उतारावर चेंडू ठेवला तर तो ठेवल्या जागी थांबायचा नाही, आपला आपण निघायचा. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "छावणीतलं ग्रीन पण एवढं पळत न्हवतं."

पहिला चेंडू मी मारला तो थेट तुरीत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला मी पटर आपटला, तर तुम्ही रागावला नाहीत. उकिडवे बसला होतात, तिथूनच म्हणालात, "तू मारून राह्यलीस. मारायचं न्हाई. सोडायचं."

"सोडायचं म्हंजे?"

"उतार नेतोय ना त्याला. मंग तू कशाला ढकलतीस? तू फक्त निघायची जागा दाव. आणि पटर असा आवळून धरू नको. कोकराचा कान धरतो तसा धर. आवळला की ते वरडतंय, सोडला की पळतंय."

आपल्या घरातली मेंढरं माझ्या जन्माआधीच विकली होती, पण तुमच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत होती. डब्याकडं बघायचं नाही, चेंडू जिथून वळणार ती जागा शोधायची आणि तिथं बघायचं. चुकलाच तर तो डब्याच्या खालच्या अंगाला राहावा, म्हणजे पुढचा फटका चढावर येतो आणि चढावर भीती नसते. हे सगळं मी आज माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, आणि सांगताना आवाज माझा राहत नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा विचित्र वाटायची. चेंडू डब्यात पडला तरी तुम्ही तिकडं बघायचा नाहीत. तुम्ही माझ्या हातांकडं बघत असायचा. मला वाटायचं, पकड तपासताय. पण घरातही तेच. चुलीपुढं जेवायला बसलो की मी भाकरी मोडते आहे आणि तुम्ही घास हातात धरून माझ्या बोटांकडं बघताय. एकदा मी वैतागून म्हणाले, "दादा, जेवताना तरी शिकवू नका." तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातला घास परत ताटात ठेवला. तुम्ही अन्न टाकून उठलेले मी तेवढ्याच वेळी पाहिले.

मग मी पुण्याला गेले, आधी गोल्फ मैदानाच्या कार्यालयात नोकरीला, मग खेळायला, मग शिकवायला. उन्हाळ्यात तिथली ग्रीन अगदी बारीक कापतात, लाटून लाटून कडक करतात, आणि चेंडू काचेवर ठेवल्यासारखा पळतो. सोबतच्या बायका धास्तावायच्या, मला घरी आल्यासारखं वाटायचं. स्पर्धा झाली की गावात फोन लावायचे. मी जिंकले का हरले हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारायचात, "किती पळत होता?" मी म्हणायचे, "खळ्यासारखा." "मंग ठीक," म्हणून फोन आईकडं.

तुमच्या हाताची थरथर कधी सुरू झाली ते मला कळलं नाही. एका दिवाळीला आले तर तुम्ही उजवा हात मांडीखाली दाबून बसला होतात. चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. डॉक्टर कंपवात म्हणाले. पण पटर हातात आला की तो हात थांबायचा. मी स्वतः पाहिलंय, थरथरणारी बोटं पटरावर आली आणि निवली. म्हणून तुम्ही दिवसचे दिवस खळ्यावर राहायला लागलात, आणि वाटेनं जाणारे हसायचे. मग तो दुपारचा प्रसंग. मी वेशीकडून येते आहे, तुम्ही चेंडूवर वाकून उभे आहात, पटर मागं गेलेला नाही. मी जवळ येते, तुम्ही तसेच. ऊन तुमच्या मानेवर. खूप वेळानं तुम्ही मान न वळवता म्हणता, "थांबलाय गं हात. पण आता निघंना." मी तुमच्या हातावर हात ठेवायला गेले तर म्हणालात, "बिलकुल धरू नको." इतकं हळू म्हणालात की मला भीती वाटली. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

आता या उन्हाळ्याचं सांगते. पोक्त बायकांची स्पर्धा होती. माझा चेंडू होलच्या वरच्या अंगाला, तीव्र उतारावर. आधीच्या दोघींचे चेंडू खाली ग्रीनच्या बाहेर घरंगळत गेलेले. मी वाकले, आणि उजवा अंगठा हलला. मी हलवला नव्हता. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, मीच त्याच्याकडं बघत राहिले. मग पटर धरला आणि तो थांबला. कुणीतरी वरून हात ठेवावा तसा थांबला. हलला तेव्हा मी घाबरले नव्हते, दादा. थांबला तेव्हा घाबरले, कारण ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. चेंडू सोडला. तो वळायच्या जागी वळला आणि आत गेला. टाळ्या वाजल्या. मी चेंडू काढायला वाकले आणि मला लवकर उठताच आलं नाही.

कुणालाच सांगितलं नाही. सुट्टी घेतली आणि इथं आले. काल आईनं चहा दिला तो अर्धाच कप. मी म्हणाले, "भर की, आई." ती म्हणाली, "सांडतो." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि विचारलं, "कधीपास्नं?"

"उन्हाळ्यापास्नं."

"तुझ्या आज्जीला असंच झाल्तं. तू पाह्यलं न्हाईस. घास तोंडापर्यंत जायचा न्हाई तिचा, तुझे दादाच भरवायचे. मला येवो न येवो, म्हनायचे, पोरीला नको. रोज तुझे हात बघायचे. आणि झोपायच्या आधी मला सांगायचे, आज पण बराबर हायत."

"रोज?"

"रोज. तू पुण्याला गेलीस तवा फार अडचन झाली त्यांची. फोनवर हात दिसत न्हाईत ना."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. आई म्हणाली, "बघनारा एकच पुरे, म्हनायचे. पोरीला सांगितलं तर ती खेळ सोडून हातच बघत बसंल." मग तिनं माझा हात तिच्या मांडीवर घेतला. तो तिथं हलत होता आणि ती त्याला थोपटत नव्हती, दाबत नव्हती, नुसती बघत होती. मला कळलं की तुमचं काम आता ती करते आहे.

सोमवारी जालन्याला डॉक्टरांकडं जायचं तिनंच ठरवलं. तिथंच मस्तगड भागात मावशीकडं उतरायचं, मग रिक्षानं. "मी येते संगं," म्हणाली, "जल्दी गेलेलं बरं. त्यांच्या टायमाला उशीर झाला. आता गोळ्या चांगल्या निघाल्यात म्हनत्यात." मी हो म्हणाले.

हे कुठं पाठवायचं नाही. आई चूल पेटवायला लागेल तेव्हा हा कागद आत सरकवीन. त्याआधी तुम्हाला एवढंच सांगते, जे आईला सांगितलेलं नाही. त्या उतारावर हात थांबला तेव्हा भीतीच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. वाटलं, दादा आले. उद्या गोळीनं हात थांबायला लागला, तर तो कुणामुळं थांबला हे मला कळणार नाही. गोळी घेईन मी, खरंच घेईन. पण सोमवार जरा उशिरा यावा असं वाटतंय.